भूत वाड्यात राहू द्या, रुग्णाला दवाखान्यात आणा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वडनेरच्या ओपीडीत ठरलेली गर्दी असते. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं गावी आलेली असतात आणि त्यांनी वर्षभर अंगावर काढलेली दुखणी घेऊन आया त्यांना हाताला धरून आणतात. गेल्या दिवाळीत असाच एक तेविशीतला मुलगा आला. डोळ्यांखाली काळे, वजन उतरलेले, मनगटावर नवा काळा दोरा. तो काही बोलेना. आईच बोलली, ‘‘मॅडम, पुन्याहून काही तरी लागून आलं जी माह्या पोराले. रातच्याले छातीवर बसते अन् तोंडातून आवाज बी निघू देत नाही.’’

हळूहळू हकीकत कळली. मुलगा पुण्यात कॉल सेंटरवर कामाला. एक आठवडा रात्रपाळी, एक आठवडा दिवसपाळी. मित्रांच्या नादाने एका पौर्णिमेच्या रात्री तो शनिवारवाड्याच्या तटाबाहेर जाऊन उभा राहिला. नारायणराव पेशव्यांचा ‘काका, मला वाचवा’ हा आवाज ऐकू येतो म्हणतात, तो ऐकायला.

‘‘मग आला ऐकू?’’ मी विचारले.

‘‘नक्की नाही सांगता येत मॅडम. पण मित्र म्हणाला आला, तर मलाही आल्यासारखा वाटला.’’

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पहाटे त्याला जाग आली. डोळे उघडे, खोली दिसते आहे, पण हात-पाय हलत नाहीत. दाराशी कुणी तरी उभे आहे, ते जवळ येते आहे आणि छातीवर ओझे पडते आहे, असे वाटले. मिनिटभरात सगळे निवळले. पण तसे पुन्हा दोन-तीनदा झाले आणि त्याने झोपेचीच धास्ती घेतली. रात्रभर मोबाइल बघत जागायचा. गावी आल्यावर आईने भगताकडे नेले. अंगारा, लिंबू, दोरा झाला. पैसेही गेले. झोप काही आली नाही.

या मुलाला काय झाले होते ते पुढे सांगते. आधी त्या वाड्याकडे बघू.

शनिवारवाड्याची गोष्ट बहुतेकांना तोंडपाठ असते. तिच्यातला इतिहास कुठे संपतो आणि भूत कुठे सुरू होते, हे मात्र फारसे कुणी पाहत नाही. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याचा पाया घातला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, याच वाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. ते अवघे अठरा वर्षांचे होते. जीव वाचवण्यासाठी ते काका रघुनाथरावांकडे धावले, त्यांना बिलगले. त्यांच्यासाठी मध्ये पडलेला सेवक चापाजी टिळेकरही मारला गेला. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरले. आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, हा भाग लोकांच्या तोंडी असलेल्या कथेतला.

यातला एक तपशील मला डॉक्टर म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. हा खून दुपारी झाला. नारायणराव जेवण करून विश्रांतीला गेले होते, तेव्हा गारदी आत घुसले. भूत मात्र दुपारी कधीच ओरडत नाही. ते ओरडते रात्री, त्यातही पौर्णिमेला किंवा अमावास्येला, म्हणजे ऐकणारा घाबरायच्या तयारीत असतो तेव्हा. शिवाय २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. आतले महाल जळाले. आज उरले आहेत ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. तटाच्या कडेने वाहने धावतात, आत वटवाघळे, घुबडे, मांजरे असतात, वारा दगडांमधून घुमतो. कान टवकारून उभ्या असलेल्या माणसाला यातून काहीही ऐकू येऊ शकते.

आपला मेंदू रिकामी जागा भरून काढतो. ढगात चेहरा दिसतो, पंख्याच्या आवाजात फोनची रिंग ऐकू येते. आधी काय सांगितले आहे, यावर तो काय भरून काढणार हे ठरते. १९९७ मध्ये संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन गटांना एकाच नाट्यगृहात फिरवले. एका गटाला सांगितले, इथे भुताटकी आहे. दुसऱ्याला सांगितले, इथे दुरुस्ती चालू आहे. ‘भुताटकी’ ऐकलेल्यांना विचित्र अनुभव कितीतरी जास्त आले. जागा तीच होती, सांगणे वेगळे होते.

विज्ञानानेही इथे घाई करू नये, हेही सांगायला हवे. इंग्लंडमधले अभियंते विक टँडी यांना प्रयोगशाळेत करड्या सावल्या दिसत आणि अंगावर काटा येत असे. त्यांनी शोध घेतला तेव्हा एका पंख्यामुळे सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी तयार होत असल्याचे त्यांना आढळले. १९९८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि ‘भुताचे रहस्य उलगडले’ अशा बातम्या जगभर गेल्या. पण २००९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मुद्दाम तशी खोली बांधून पाहिली, तेव्हा तो ध्वनी चालू असो वा बंद, अनुभवांत फरक पडला नाही. ‘इथे काही वेगळे जाणवू शकेल’ ही सूचनाच पुरेशी होती, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. म्हणून कुणी ‘ध्वनिलहरींमुळे भुते दिसतात’ असे छातीठोकपणे सांगितले, तर तेही तितकेसे खरे नाही.

आपल्या भागातल्या चकव्याचेच बघा. रात्री शेतातून येताना चकवा लागतो, माणूस रात्रभर फिरतो आणि पहाटे तिथल्या तिथेच असतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात चालायला लावून त्यांच्या वाटा नोंदवल्या. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरलेले असेल तेव्हा गोल फिरली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. आपले आजे-पणजे खोटे बोलत नव्हते. अनुभव खरा होता, त्याचे कारण वेगळे होते.

त्या मुलाचेही तसेच होते. गाढ स्वप्नांच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाही तर आपण स्वप्नात पळताना पलंगावरून पडलो असतो. कधी कधी मन जागे होते, पण स्नायूंचे कुलूप काही क्षण उघडत नाही. डोळे उघडे आणि स्वप्न अजून चालू, अशी ती अवस्था. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. नावात पक्षाघात असला तरी लकव्याशी त्याचा संबंध नाही. साधारण शंभरातल्या आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. जपानपासून कॅनडापर्यंत जगभरचे लोक ‘छातीवर कुणी तरी बसले’ असेच सांगतात आणि ज्याच्या त्याच्या गावचे भूत त्यात येते. पाळ्या बदलणे, अपुरी झोप, काळजी, उताणे झोपणे यांनी तो वाढतो. या मुलाकडे ही चारही कारणे होती. शनिवारवाड्याने फक्त दाराशी उभ्या असलेल्या आकृतीला नाव दिले.

इथवर भूत निरुपद्रवी आहे. शनिवारवाड्याची गोष्ट रात्री गच्चीवर बसून सांगावी, ऐकावी, अंगावर काटा येऊ द्यावा. मला स्वतःला भुताच्या गोष्टी आवडतात. माझी तक्रार गोष्टीशी नाही. वाड्यातले भूत घरात येते आणि आजारी माणसाच्या अंगावर चढवले जाते, तिथून माझी तक्रार सुरू होते. ‘बाहेरचं आहे’ हे एक निदान आहे, आणि या निदानानंतर शोध थांबतो. आमच्या धंद्यात याहून घातक दुसरे काही नाही.

पुढच्या दोन हकिकतींत ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला एक शेतमजूर पहाटे पोट धरून उठला. उलटी झाली. थोड्या वेळाने डोळ्यांच्या पापण्या मिटू लागल्या, बोलणे तोतरे झाले, गिळता येईना. अंगावर जखम नाही, सूज नाही. ‘रात्री नाल्याकडून आला होता, तिथंच काही तरी लागलं,’ असे ठरले. भगताकडे तीन-चार तास गेले. आमच्याकडे आला तेव्हा श्वास घ्यायला छाती उचलत नव्हती. आम्ही पिशवीने श्वास देत, प्रतिविष सुरू करून त्याला पुढे पाठवले. तो वाटेत गेला.

ती मण्यार होती. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश मुंगी चावल्यासारखा, अनेकदा जाणवतही नाही. दाताच्या खुणा शोधून सापडत नाहीत. काही तासांनी पोटदुखी, मिटणाऱ्या पापण्या, तोतरेपणा आणि मग श्वासाचे स्नायू थकणे. कारण दिसत नाही म्हणून ते भुताच्या खात्यावर जमा होते. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ते वेळेत टोचले आणि श्वास सांभाळला, तर मण्यार चावलेला माणूस चालत घरी जातो. तसे गेलेलेही मी पाहिले आहेत.

दुसरी हकीकत एका बाळंतिणीची. बाळ सहा दिवसांचे. ती झोपेना, स्वतःशी बोले, ‘हे बाळ माझं नाही, बदललं आहे’ असे म्हणे. घरच्यांनी तिला कोंडले, मिरच्यांची धुरी दिली. सुदैवाने तिच्या गावची आशाताई जागरूक होती. ती भांडून तिला घेऊन आली. हजारातल्या एक-दोन बाळंतिणींना असा तीव्र मानसिक आजार होतो. तो तातडीचा आजार आहे, कारण आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. आणि तो बरा होतो. ही बाई काही आठवड्यांत बरी झाली. पुढे बाळाच्या लसीकरणाला आली तेव्हा मला म्हणाली, ‘‘मॅडम, धुरीत मी ओरडत होती तं सारे म्हणत, भूत ओरडून राह्यलं.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माणूस वाचवा म्हणून ओरडतो आणि आपण भुताचा आवाज ऐकतो.

अशी आणखीही दुखणी आहेत. तापात बरळणे म्हणजे मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया किंवा मेंदूज्वर असू शकतो. म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी अचानक गेलेले नातेवाईक दिसू लागले, तर ‘बोलावणं आलं’ म्हणण्याआधी त्यांची साखर, सोडियम आणि लघवी तपासावी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात क्षार कमी होऊन हे सर्रास होते. रोज पिणारा माणूस अचानक दारू सोडतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरत भिंतीवरची जनावरे झटकू लागतो. १९७४ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात हे लिहिताना संकोच वाटतो, पण असे रुग्ण येतात आणि उपचार झाले नाहीत तर दगावतात. ज्या विहिरीत उतरलेला माणूस वर येत नाही, तिच्यात हडळ नसते. तिथे प्राणवायू कमी किंवा विषारी वायू साठलेला असतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो, आणि ‘विहीर बळी घेते’ ही कथा पक्की होते. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्यांचेही असेच. १९२१ मध्ये अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ विल्मर यांनी एका कुटुंबाची हकीकत छापली. त्यांना जुन्या घरात पावलांचे आवाज येत, माणसे दिसत, डोके दुखे, घरातली झाडेसुद्धा कोमेजत. कारण निघाले बिघडलेली भट्टी आणि तिच्यातून घरात येणारा कार्बन मोनॉक्साइड. भट्टी दुरुस्त झाली आणि भुते गेली.

मग सगळा दोष घरच्यांचा आणि भगताचा का? नाही. थोडा आमचाही आहे. बाहेरच्या बाधेची म्हणून बाई आली की आमच्यातले बरेच जण नाडी बघून ‘काही नाही, नाटक आहे’ म्हणून तिला परत पाठवतात. मीही नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत असे केले आहे. अंगात येणाऱ्या किती तरी जणी अशा असतात की, ज्यांना घरात एरवी तोंड उघडायची मुभा नसते. मार, दारुडा नवरा, मूल होत नाही म्हणून टोमणे, हे सगळे त्या देवीच्या किंवा भुताच्या तोंडून बोलतात. ते नाटक नसते, तो त्रास असतो. भगत तिचे तासभर ऐकतो आणि आम्ही दोन मिनिटांत वाटेला लावतो. मग ती कुणाकडे जाईल? शिवाय आम्हालाही सगळे कळते असे नाही. तरुण मुलींना अचानक भ्रम, झटके, विचित्र हालचाली होतात, असा मेंदूला सूज आणणारा एक आजार २००७ मध्ये नीट ओळखला गेला. त्याआधीच्या कित्येक मुलींना गावाने झपाटलेली म्हटले आणि आम्ही वेडी म्हटले. दोघेही चुकले.

तरीही फरक आहे. आम्ही चुकलो तर पुढचा डॉक्टर शोध चालू ठेवतो. भुताच्या निदानात पुढची तपासणीच नसते, असते ती फक्त जास्त धुरी आणि जास्त मार.

हे थांबवण्यासाठी या राज्यात एका डॉक्टरने जीव दिला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर खून झाला. शनिवारवाडा तिथून फार लांब नाही. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि वर्ष संपण्याआधी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. या कायद्याने देवाला हात जोडायला मनाई केलेली नाही, हे मुद्दाम सांगते, कारण उलटे सांगणारे बरेच आहेत.

कायदा आहे, पण गावात तो पोहोचतो मृत्यूनंतर. त्याआधी दवाखाना पोहोचायला हवा. मानसोपचारासाठी आमच्या रुग्णांना वर्धा किंवा सेवाग्राम गाठावे लागते. एका दिवसाची मजुरी बुडते आणि दोघांचे भाडे जाते. भगत मात्र गावातच असतो, रात्रीही असतो. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक ठरलेला दिवस मानसोपचारतज्ज्ञ बसला आणि तो दिवस कधी चुकला नाही, तर शंभर व्याख्यानांचे काम होईल. ‘महाराष्ट्रातील झपाटलेल्या जागा’ असे व्हिडिओ करणाऱ्या तरुणांनाही एक विनंती. शनिवारवाड्याची कथा जरूर सांगा, पण ती कथा आहे एवढे शेवटी म्हणा. तुमचा व्हिडिओ आमच्या गावात पाहिला जातो आणि इथे त्याचे निदान होते.

घरच्यांनी लक्षात ठेवायचे ते एवढेच:

पापण्या मिटणे, तोतरे बोलणे, गिळता न येणे, पहाटे अचानक पोटदुखी: साप दिसला नसला तरी सर्पदंश समजा आणि १०८ ला फोन करा.

तापात बरळणे, झटका येणे, शुद्ध हरपणे: त्याच तासाला दवाखाना.

बाळंतपणानंतर झोप उडणे, भलते बोलणे: आईला आणि बाळाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दाखवा.

विहिरीत कुणी कोसळला: मागोमाग उतरू नका. मदत बोलवा.

मन उदास, सतत भीती, आवाज ऐकू येणे: १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते, पैसे लागत नाहीत.

जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. डासांबरोबर मण्यारही बाहेर राहते.

आता त्या मुलाचे. त्याला मी कागदावर मेंदू आणि झोपेचे चित्र काढून समजावले. कुशीवर झोप, पाळी बदलली तरी सलग सात तास झोपेचे ठरव, झोपण्याआधी तासभर मोबाइल नको, आणि तसे झालेच तर घाबरू नकोस, एक बोट हलवायचा प्रयत्न कर, मिनिटभरात सुटते, असे सांगितले. आईने विचारले, ‘‘मॅडम, दोरा काढून टाकू का?’’

‘‘राहू द्या मावशी. दोऱ्याशी माझं भांडण नाही. झोपेचं मात्र मी सांगते तसंच करायचं.’’

संक्रांतीच्या सुमारास त्याचा फोन आला. महिनाभर झाले, एकदाच झाले होते, आणि तेव्हा घाबरलो नाही म्हणाला. दोरा अजून हातात आहे की नाही, हे मी विचारले नाही.